बांडाईचं १/७२ एक्स-विंग: डब्यातलं किती पुरतं आणि हात कुठे लावायचा

स्टार वॉर्समधल्या एक्स-विंग या लढाऊ यानाचं प्लास्टिकचं मॉडेल करायचं आणि एकच किट विकत घ्यायचं, तर ते बांडाईचं १/७२ घ्यावं. २०१४ साली आलेल्या या किटचे भाग असे चपखल बसतात की गोंदाचा थेंब न लावता, ब्रश न उचलता ते एका रविवारी उभं राहतं. त्यामुळे त्याची बहुतेक परीक्षणं "छान आहे, जोडा आणि ठेवा" एवढ्यावर आटोपतात. जोडण्यापुरतं ते खरंही आहे. पण हे किट बिघडतं ते जोडताना नाही, रंगकाम संपत आल्यावर, वॉश देताना, म्हणजे खाचा-रेषांत पातळ गडद रंग सोडताना. ज्या खटक्याच्या सांध्यांचं सगळे कौतुक करतात तेच त्या वेळी तडकतात. म्हणून पुढे सांध्यांबद्दल बरंच लिहिलं आहे. तेवढा भाग घाई न करता वाचावा.

आधी आकाराचा अंदाज घ्या. या यानाची लांबी साधारण साडेबारा मीटर धरली जाते. तिला ७२ने भागलं की १७ सेंटिमीटरांच्या थोडं पुढे आकडा येतो. म्हणजे पुस्तकांच्या कप्प्यात मावेल आणि तरी चालकाच्या हेल्मेटवरची खूण रंगवता येईल, असा सोयीचा आकार. १/७२ हे विमानांच्या किटचंही सगळ्यांत रुळलेलं माप आहे, त्यामुळे शेजारी एखादं स्पिटफायर किंवा मिग-२१ ठेवलं की एक्स-विंग खरोखर केवढं असेल ते डोळ्यांना लगेच कळतं.

दुसरे पर्याय थोडक्यात. एमपीसीचं सत्तरच्या दशकातलं किट पुन्हा बाजारात आलं आहे. ते जुन्या आठवणींसाठी घ्यावं, कारण नाकाचा आणि पंखांचा आकार पडद्यावरच्या यानाशी जुळत नाही आणि तो जुळवायचा म्हणजे निम्मं यान पुटीने नव्याने घडवावं लागतं. फाइनमोल्ड्स या जपानी कंपनीचं १/७२ फार चांगलं होतं, पण परवाना बांडाईकडे गेल्यावर त्याचं उत्पादन थांबलं. कुठे जुना डबा मिळालाच तर गोंद आणि रंग दोन्हींची तयारी ठेवा. रेव्हेलचं १/११२ लहान मुलांच्या हातात द्यायला ठीक आहे. रेव्हेलच्या डब्यावर १/७२ आणि बांडाई अशी दोन्ही नावं दिसली तर आतलं प्लास्टिक बांडाईचंच असतं. जे स्वस्त मिळेल ते घ्या. बांडाईचंच १/४८ 'मूव्हिंग एडिशन' दिवे आणि आवाजासह येतं. ते मोठं आणि आकर्षक आहे, पण त्यातली यंत्रणा सांभाळत रंगवणं नवख्याला जड जातं.

डबा उघडल्यावर

प्लास्टिक वेगवेगळ्या रंगांत ओतलेलं आहे: यानाचं अंग मळकट पांढऱ्यात, यांत्रिक भाग गडद करड्यात, लेझरचे झोत पारदर्शक लालमध्ये. बसलेला चालक, आर२-डी२ हा यंत्रमानव, उतरायचे पाय बाहेर आणि पाय आत अशा दोन्ही अवस्थांचे भाग, डेथ स्टार या चित्रपटातल्या अवकाशतळाच्या पृष्ठभागाचा तुकडा असलेला स्टँड आणि खुणांसाठी दोन पत्रे मिळतात. एक पत्रा चिकटपट्ट्यांचा, दुसरा पाण्यात भिजवायच्या डिकलचा. चिकटपट्ट्या जाड असतात, त्यांची कड पंखावर उठून दिसते आणि वर्षा-दोन वर्षांत कोपरे सुटतात. त्या बाजूला ठेवा.

कॉकपिटच्या झाकणाचे दोन प्रकार दिले आहेत, एक पारदर्शक आणि एक नुसत्या चौकटीचा, काचेविना. ही बारीक गोष्ट बांडाईने विचार करून केली आहे. १९७७च्या चित्रपटासाठी बांधलेल्या लघुप्रतिकृतींना काच नव्हती. काच असती तर स्टुडिओतले दिवे आणि मागचा निळा पडदा तिच्यात उमटले असते. पडद्यावरचं लघुरूप हवं असेल तर चौकट लावा, 'खरं' यान हवं असेल तर काच. चौकट लावलीत तर आतला चालक उघडा पडतो, तेव्हा त्याच्या रंगाला जास्त वेळ द्यावा लागेल.

पृष्ठभागावरचं काम पाहताना मन भरून येतं. पंखांच्या आतल्या बाजू, इंजिनांचे मागचे भाग, आर२च्या मागचा पाठीवरचा यांत्रिक पसारा, या सगळ्या जागी बारीक नळ्या, खाचा, चौकोन अगदी स्वच्छ उतरले आहेत. मूळ प्रतिकृती बांधणाऱ्यांनी रणगाडे, गाड्या, विमानं यांच्या बाजारातल्या किटचे सुटे भाग चिकटवून तो पसारा तयार केला होता. आज तोच पसारा पुन्हा किट होऊन घरी येतो, आणि ते इतक्या इमानाने उतरलंय की त्यात भर घालायचा मोह आवरावा. पितळी फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या) पत्र्यांचे संच बाजारात आहेत, पण कॉकपिटमधल्या पॅनेलपलीकडे इथे त्यांचा उपयोग दिसत नाही. रेषा नव्याने कोरायचीही गरज नाही. वेळ आणि पैसा रंगात घाला.

भाग सोडवताना

धारदार, एका बाजूने सपाट असलेलं निपर हवं. इलेक्ट्रिकच्या दुकानातला वायर कापायचा कटर प्लास्टिक चिमटून तोडतो आणि कापल्या जागी पांढरा डाग उमटतो. तो डाग प्लास्टिकच्या आत असतो, घासून जात नाही. पहिला काप भागापासून तीनचार मिलिमीटर दूर घ्या, दुसऱ्यात एक मिलिमीटरचा खुंट ठेवा, उरलेलं नव्या ब्लेडने दोन-तीन पातळ कापांत काढा आणि मग ६०० आणि १०००च्या वॉटर पेपरने पाणी लावून गुळगुळीत करा.

चारही लेझर तोफांना मात्र ही पद्धत नको. त्या लांब आणि बारीक आहेत. गेट, म्हणजे तोफेला चौकटीशी जोडणारा प्लास्टिकचा दुवा, निपरमध्ये धरला की दाब तोफेच्या नळीत जातो आणि टोकाजवळच्या बशीपाशी ती मोडते. तोफेऐवजी आजूबाजूची रनरची चौकट (सगळे भाग जिला जोडलेले येतात ती) आधी कापून टाका, तोफ प्लास्टिकच्या तुकड्यांसकट मोकळी करा आणि मग एकेक तुकडा बारीक दातांच्या करवतीने किंवा ब्लेड हलकं पुढेमागे करत उतरवा. तोफांच्या दोन्ही बाजूंना साच्याची उभी रेष आहे. ती ब्लेडची पाठ आडवी धरून खरवडायची. पेपरने घासली तर नळी गोल न राहता चपटी होते. मोडलीच, तर ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने दोन्ही तुकड्यांत भोक पाडून पितळी तार घाला आणि फेव्हिक्विकने बसवा. नुसत्या फेव्हिक्विकवर ती जागा दुसऱ्यांदा नक्की मोडते.

सगळे भाग सोडवले की भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर मास्किंग टेप काढताना रंग सोलून निघतो.

खुंट्या आणि खोबणी

आता तो मुख्य मुद्दा. खटक्याने बसणाऱ्या किटमध्ये खुंटी खोबणीपेक्षा किंचित जाड ठेवलेली असते. तिच्यामुळे सांधा घट्ट राहतो, पण खोबणीच्या भोवतालचं प्लास्टिक त्या क्षणापासून कायम ताणलेलं असतं. नुसतं ठेवून दिलं तर त्याला काही होत नाही. मात्र एनॅमल थिनर किंवा लायटर फ्लुइडसारखं पातळ द्रावण त्या सांध्यात शिरलं की ताणलेल्या प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि भाग तडकतो. कधी दहा मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. पॅनेल लाइनसाठी, म्हणजे पत्र्यांमधल्या रेषा गडद करण्यासाठी, मिळणाऱ्या तयार बाटल्यांमधलं द्रव बहुतेक एनॅमल जातीचं असतं आणि ते केशाकर्षणाने रेषेतून धावत थेट सांध्यातच जातं. त्याची खुबी तीच आणि धोकाही तोच. इंजिनांभोवतीचे गोल भाग आणि यानाच्या अंगाचे वरचे-खालचे अर्धे भाग जिथे मिळतात, तिथे हे आधी दिसतं.

उपाय सोपा आहे, पण जोडणीच्या आधी करावा लागतो. प्रत्येक खुंटीचा वरचा एक तृतीयांश भाग तिरपा कापा. ज्या खोबण्या फार घट्ट वाटतात त्यांच्या तोंडाची कड ब्लेडच्या टोकाने गोल फिरवून मोकळी करा, किंवा खोबणीच्या भिंतीला एका बाजूने उभा छेद द्या. भाग आता बोटाच्या हलक्या दाबाने बसला आणि तसाच निघाला पाहिजे. हे जमलं की सांधे पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने, चिकटवा. बाटलीच्या झाकणातल्या ब्रशने सांध्याला बाहेरून एकदाच स्पर्श करा, द्रव आपोआप आत ओढलं जातं. एका जागी तीन-चार वेळा लावलं तर प्लास्टिक मऊ पडून बाजूच्या रेषा बुजतात. सिमेंट पॉलिस्टायरीनवर चालतं. बांडाई प्रत्येक रनरच्या पट्टीवर प्लास्टिकची जात छापते, तिथे पीएस (पॉलिस्टायरीन) लिहिलंय की एबीएस (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) ते बघूनच पुढे जा. एबीएसचे भाग द्रावणाने आणखी लवकर तडकतात, तिथे वॉश पाण्याच्या जातीचाच वापरा.

खुंट्या कापण्याचा दुसरा फायदा म्हणजे रंगवण्यासाठी यान हवं तेव्हा उघडता येतं. न कापता दोन भाग एकदा पूर्ण दाबले की ते सोडवताना हमखास काहीतरी तुटतं. पंख हलते ठेवायचे असतील तर त्यांच्या बिजागऱ्यांना मात्र कापू नका आणि चिकटवूही नका. तिथे घट्टपणा गेला तर उघडलेले पंख हळूहळू मिटतात.

पंख आणि अंग जिथे एकमेकांवर सरकतात तिथे रंग घासला जातो. उपाय म्हणजे त्या पृष्ठभागांवर ४००च्या पेपरने दोन-चार हात मारून रंगाच्या थराएवढी जागा करायची आणि रंग तिथे शक्य तेवढा पातळ ठेवायचा. पंख उघडे की मिटलेले हे आधीच ठरवलं असेल तर ते कायमचे बसवून टाका. ठरवून उघडे ठेवलेलं एक्स-विंगच मला जास्त भावतं. नावातला 'एक्स' दिसायला हवा.

कॉकपिट

इथे फार वेळ लागत नाही. आतला भाग टामिया कंपनीचा एक्सएफ-६९ काळा, मग कडांवर मध्यम करड्याचा जवळजवळ कोरडा ब्रश. बटणांसाठी टूथपिकच्या टोकाने लाल, पिवळे, पांढरे ठिपके. चालक उभा असता तर या मापात अडीच सेंटिमीटरांचा भरला असता. त्याच्या नारिंगी पोशाखावर पातळ तपकिरी वॉश दिला की घड्या उठून येतात. हेल्मेट पांढरं करा, त्यावरच्या खुणा शेवटी. काचेचं झाकण लावणार असाल तर ते चिकटवायला फेव्हिक्विक वापरू नका. त्याच्या वाफांनी काचेवर पांढुरकी धुरी चढते आणि ती आतल्या बाजूने असल्यामुळे पुसता येत नाही. पाण्याने धुता येणारा पांढरा गोंद पुरेसा आहे.

रंग

डब्यातलं प्लास्टिक योग्य छटेच्या बरंच जवळ आहे. एअरब्रश नसेल तर नुसता मॅट वार्निश, वॉश आणि डिकल एवढ्यावरही यान देखणं होतं. पण रंग न दिलेल्या प्लास्टिकला आतून एक किंचित मेणासारखी चमक असते, ती प्रकाशात दगा देते. १७ सेंटिमीटरांची वस्तू साडेबारा मीटरांची वाटायची तर ती चमक जायला हवी.

प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, म्हणून मिस्टर सर्फेसर १५०० घ्या, १००० नको. इथल्या रेषा बारीक आहेत, जाड प्राइमरने भरतात. लेव्हलिंग थिनरमध्ये एकास दीड ते दोन असं पातळ करून दोन हलके हात पुरतात. प्राइमर काळा घ्यावा, कारण त्यावर पांढरा तुटक-तुटक, ठिपक्यांनी चढवला की पॅनेलमध्ये आपोआप उजेड-सावली येते. पॅनेलच्या मध्ये थोडा जास्त, रेषांच्या कडेला कमी. सगळीकडे सारखा पांढरा मारला तर ते यान दवाखान्यातल्या कपाटासारखं दिसतं.

छटा शुद्ध पांढरी नसावी. टामियाच्या बाटल्यांत १० भाग एक्सएफ-२ (पांढरा), १ भाग एक्सएफ-५७ (पिवळसर बफ) आणि अर्धा भाग एक्सएफ-२० (करडा) असं मिश्रण उबदार, वापरलेल्या पांढऱ्याजवळ जातं. त्यातलंच थोडं बाजूला काढून एकात आणखी करडा आणि एकात आणखी पिवळसर मिसळा. हे दोन रंग वेगवेगळ्या दहा-बारा पॅनेलवर, टेपने झाकून, एकेक पातळ हात. जवळून पाहिल्यावर दिसेल आणि हातभर अंतरावरून नुसतं जाणवेल एवढाच फरक ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्यांचा हात इथे जड पडतो आणि यान गोधडीसारखं दिसू लागतं. तसं झालं तर मूळ पांढऱ्याचा अतिशय पातळ हात सगळ्यांवर मारला की फरक खाली दबतो.

लाल पट्ट्यांबद्दल माझं मत ठाम आहे: त्या रंगवाव्यात. या यानांच्या पंखांवरच्या पट्ट्यांची संख्या म्हणजे तुकडीतला क्रमांक, त्यामुळे डोळा आधी तिथेच जातो. आणि डिकल कितीही चांगलं बसलं तरी त्याचा लाल सगळीकडे सारखा असतो, त्याला झीज नसते. डिकलचा पत्रा न भिजवता आधी १०० टक्के मापात स्कॅन करून साध्या कागदावर छापा आणि तो छाप मास्किंग टेपवर ठेवून पट्ट्या कापा. पट्ट्यांची जागा आणि माप अचूक मिळतं आणि डिकल चुकीच्या वेळी हाताशी राहतात. दुसऱ्या क्रमांकाचं यान करायचं असेल तर याच छापातून तेवढ्याच पट्ट्या घ्या.

झीज दाखवायची रीत अशी. पांढरा रंग पूर्ण वाळला, म्हणजे एक रात्र गेली, की टेप लावून उघड्या पट्टीवर केसांचा साधा हेअरस्प्रे दोन हात मारा. तो अर्ध्या तासात वाळतो. वर एक्सएफ-७ लालमध्ये थोडा एक्सएफ-६४ लालसर तपकिरी मिसळून लाल द्या. हा लाल टामियाच्या एक्स-२०ए थिनरने किंवा पाण्याने पातळ केलेला असला पाहिजे. लॅकर थिनर वापरला तर तो खालच्या हेअरस्प्रेला घट्ट धरतो आणि पुढचं काही होत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आखूड केलेला, पाण्यात बुडवलेला ब्रश पट्टीच्या कडांवर हलके आपटा. हेअरस्प्रे विरघळून लाल कपच्यांनी सुटतो आणि खालचा पांढरा दिसतो. टेप त्याआधी काढा, नाहीतर पाणी टेपखाली साचून पट्टीची सरळ कड फाटते. कपच्या पुढच्या कडेला जास्त, मागे कमी. मनासारखं झालं की लगेच वार्निशचा पातळ हात, कारण उरलेला हेअरस्प्रे पुढच्या ओल्या हातालाही विरघळतो.

बाकीच्या लहान खुणांसाठी डिकल वापरा, पण चकचकीत पृष्ठभागावर. एक्स-२२ किंवा तत्सम ग्लॉसचे दोन हात, २४ तास, मग डिकल. मॅट रंग खडबडीत असतो, त्यावर डिकलखाली हवा राहते आणि पारदर्शक कड चंदेरी चमकते. उंचसखल जागी मार्क सॉफ्टर (डिकल मऊ करणारं द्रव) लावल्यावर डिकल सुरकुततं. त्या वेळी हात लावू नका, वाळताना ते आपोआप ताणून बसतं.

वॉश

तयार एनॅमल बाटलीऐवजी कलेच्या दुकानातले ऑइल कलर वापरा. कॅम्लिनच्या आर्टिस्ट ऑइलमधला बर्न्ट अंबर आणि लॅम्प ब्लॅक या दोन लहान ट्यूब अनेक मॉडेलना पुरतात. रंग पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवला की जवसाचं तेल पुठ्ठ्यात शोषलं जातं. मग वॉश लवकर वाळतो आणि चकाकत नाही. पातळ करायला बिनवासाचं मिनरल स्पिरिट. टर्पेंटाइन टाळा, ते खालच्या वार्निशलाही मऊ करतं आणि प्लास्टिकवर जास्त कडक आहे.

यान पाण्यासारख्या वॉशमध्ये बुडवायचं नाही. बारीक ब्रशच्या टोकावर थोडासा घेऊन रेषेच्या एका टोकाला टेकवा, तो स्वतः धावेल. सांध्यांच्या रेषांवर सगळ्यांत कमी. खुंट्या कापल्या असल्या आणि वर ग्लॉसचा थर असला तरीही काटकसर बरी. वीस मिनिटांनी स्पिरिटमध्ये किंचित ओला केलेला इअरबड, वाऱ्याच्या दिशेने म्हणजे नाकाकडून शेपटीकडे ओढा. त्याने उरलेला रंग पातळ ओघळांसारखा मागे जातो आणि यान उडून आल्यासारखं दिसतं. इंजिनांच्या मागे शुद्ध लॅम्प ब्लॅक, तोफांच्या टोकांना काजळी. गोळ्या लागल्याच्या खुणांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा नखाएवढा तुकडा गडद करड्यात बुडवून, कागदावर बहुतेक पुसून, मग टेकवावा. असे तीन-चार डाग पुरतात.

शेवटी मॅट वार्निश, आणि इथे आपल्याकडच्या हवेचं भान हवं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दमट हवेत लॅकर जातीचा वार्निश मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि मॅटवर पांढुरकी साय येते. काळ्या आणि लाल भागांवर ती सगळ्यांत वाईट दिसते. दमटपणा ७० टक्क्यांच्या पुढे असेल तर थांबा. घरात लावायचा छोटा आर्द्रतामापक फार महाग नसतो. थांबणं शक्य नसेल तर लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात वाळण्याचा वेग कमी करणारं द्रव असतं, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावा. साय आलीच तर त्याच थिनरचा नुसता, अतिशय पातळ फवारा तिच्यावर मारला की बरेचदा ती उतरते.

दिवे लावावेत का

या मापात पंख हलते ठेवून चार इंजिनांत दिवे, असा हट्ट धरू नये. प्रत्येक उघडमिटीला बिजागरीपाशी तार वाकते आणि आज ना उद्या तुटते, तीही आतल्या बाजूने. पंख उघडे ठेवून कायमचे चिकटवणार असाल तर मात्र जरूर करा, कारण मागून पाहिलेली ती चार गुलाबी-लाल वर्तुळं या यानाची ओळख आहेत.

०६०३ मापाचे, तारा आधीच जोडलेले लाल एलईडी घ्या. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ३ व्होल्टला ६८० ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे साडेचार मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि तेवढा उजेड पुष्कळ झाला. गुलाबी एलईडी ३ व्होल्टच्या आसपास घेतात, त्यांना ४७० ओहम. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर हवा. चारांना मिळून एकच दिला तर ज्याला व्होल्टेज किंचित कमी लागतं तो जास्त प्रवाह ओढतो आणि उजेड चौघांचा वेगवेगळा दिसतो. रेझिस्टर स्टँडच्या खाली ठेवा, यानात जागा नाही. तारा यानाच्या पोटातून स्टँडच्या दांड्याकडे उतरवा. दांड्याऐवजी ३ मिलिमीटरची पितळी नळी वापरली तर तारा तिच्यातूनच जातात.

इंजिनाच्या भिंती पातळ असल्यामुळे उजेड प्लास्टिकमधून बाहेर झिरपतो. आतून आधी काळा, मग चंदेरी असे दोन हात रंगवण्यापूर्वीच द्यायचे आणि अंधाऱ्या खोलीत दिवा लावून तपासायचं. सगळं बंद करण्यापूर्वी दिवे सलग दोन तास चालू ठेवा. कमकुवत सोल्डर याच वेळी बाहेर पडतो, नंतर बाहेर पडला तर यान फोडावं लागतं.

स्टँड

डेथ स्टारच्या तुकड्याला लोक उरलेल्या रंगाने काळा-करडा करून मोकळे होतात. त्यावर एक संध्याकाळ जास्त घाला. मध्यम करडा मूळ रंग, त्यावर चौकोनांपैकी काही किंचित फिके, काही किंचित निळसर, मग काळ्या ऑइलचा वॉश आणि कडांवर फिक्या करड्याचा कोरडा ब्रश. यान उबदार पांढरं असल्यामुळे खालचा थंड करडा त्याला उचलून धरतो. त्यावर यानाइतकी झीज दाखवू नका, नाहीतर नजर खालीच अडकते.

मागवताना एक लक्षात ठेवा. किट परदेशातून मागवता येतं, पण लॅकर रंग, थिनर आणि स्प्रे कॅन ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाच्या टपालाने येत नाहीत. ते भारतातल्या हॉबी दुकानांतून, रस्त्याने पाठवणाऱ्यांकडूनच घ्यावे लागतात आणि पावसाळ्याआधी साठा लवकर संपतो. किट यायच्या आधी प्राइमर, लेव्हलिंग थिनर आणि मॅट वार्निश या तीन बाटल्या घरात असू द्या.